ताण्यावरचे इलेक्ट्रॉन

(दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी, वार्पिंगचं म्हणजे विणण्याआधी उभे धागे ओढून गुंडाळण्याचं शेड, जानेवारीची सकाळ)

हे धागे बघा. पंखा बंद आहे, दारंही लावलेली. तरी एकमेकांपासून फटकून उभे आहेत. गड्ड्याची जत्रा भरते त्या दिवसांत सोलापूरची हवा कोरडी होते आणि पॉलिस्टरचा ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, असा फुलतो.

आता जवळून. धागा स्टीलच्या दांडीला घासत पुढे जातो. घासताना स्टीलचे काही इलेक्ट्रॉन धाग्यावर येतात आणि तिथंच अडकतात, कारण पॉलिस्टरमधून वीज वाहत नाही. इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण. शेजारच्या धाग्यावरही ऋणच. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात, ते इथं डोळ्यांना दिसतं.

आपण मुलांना कंगवा आणि कागदाचे कपटे दाखवतो. सोलापूरच्या मुलांना हा ताणा दाखवायला हवा. त्यांच्या घरचा आहे तो.

(दृश्य: पार्क स्टेडियम, तळहातावर दाणा)

पण इलेक्ट्रॉनच का हलले, प्रोटॉन का नाही?

हा मंगळवेढ्याच्या ज्वारीचा एक दाणा. ठेवला खेळपट्टीच्या मधोमध. अख्खं मैदान म्हणजे धाग्यातला कार्बनचा एक अणू धरला, तर त्याचं केंद्रक साधारण एवढंच. त्यात ६ प्रोटॉन आणि बहुधा ६ न्यूट्रॉन, इतके घट्ट बांधलेले की घासून काय, भट्टीत घालूनही सुटत नाहीत. बाकी सगळ्या मैदानात फक्त ६ इलेक्ट्रॉन. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड, पण दोघांचा प्रभार अगदी सारखा, चिन्ह तेवढं उलटं. म्हणून अणू एरवी उदासीन.

इलेक्ट्रॉन जे. जे. थॉमसन यांना १८९७ मध्ये सापडला. रदरफर्ड यांनी १९११ मध्ये केंद्रक मांडलं, चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉन दाखवला. मिलिकन यांचं काम मला सगळ्यात देखणं वाटतं. तेलाचे बारीक थेंब त्यांनी विजेच्या जोरावर हवेत तोलून धरले. थेंबावरचा प्रभार इलेक्ट्रॉनच्या प्रभाराच्या एकपट, दुप्पट, तिप्पट निघाला. दीडपट कधीच नाही. ताण्यातले धागे मोजावेत, तसा प्रभारही मोजून घ्यायचा.

(दृश्य: पुन्हा शेड)

धागे गुंततात, तुटतात, यंत्र थांबतं, दिवसाची मजुरी घटते.

शेडमधले कामगार मामा आता पाण्याचा फवारा सुरू करताहेत. हवेतली ओल धाग्यावर बसते, तिच्यातून प्रभार निघून जातो. कापूस मुळातच ओल धरतो, म्हणून सुती चादरीच्या ताण्याला हा त्रास कमी.

धागे खाली बसले. ताणा गुंडाळणारा बीम फिरू लागला.