विमान बांधणारा शेजारीच उभा असतो

जुलैचा शेवट. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं ओशकोश. एरवी निवांत असलेल्या इथल्या विटमन विमानतळावर विमानांच्या मेळाव्याच्या या एका आठवड्यात दहा हजारांच्या आसपास विमानं येतात, आणि इथला कंट्रोल टॉवर जगातला सगळ्यात गजबजलेला टॉवर होऊन जातो. दुपारी कसरती सुरू झाल्या की सगळ्यांच्या माना वर होतात.

आपण मात्र खाली, गवतावर थांबणार आहोत. इथे रांगेनं उभी असलेली ही छोटी विमानं कुठल्याही कारखान्यातून आलेली नाहीत. कुणी ती आपल्या गॅरेजमध्ये बांधली, कुणी शेतावरच्या कोठारात. नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी.

अशा हौशी विमानबांधणाऱ्यांची संघटना, एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीत सुरू केली. त्याच वर्षी पहिला मेळावा भरला. १९७० पासून तो ओशकोशला भरतो. लढाऊ विमानं, प्रवासी विमानं, सगळं त्यात पुढे येत गेलं. मुळात हा मेळावा या गवतावरच्या विमानांचा.

या विमानाच्या कॉकपिटपाशी वाकून बघा. ‘एक्स्पेरिमेंटल’ असं लिहिलंय, आणि अक्षरं किमान दोन इंच उंच असावीत असा नियम आहे. आत आणखी एक पाटी. हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे, प्रमाणित विमानांचे सुरक्षा निकष ते पूर्ण करत नाही, असं ती प्रवाशाला स्पष्ट सांगते. प्रदर्शनात मांडलेली वस्तू स्वतःबद्दल इतकं खरं बोलते, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता पंखाच्या पत्र्यावर नजर फिरवा. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटची, म्हणजे धातूच्या खिळ्यांची, डोकी पत्र्याशी अगदी सपाट बसली आहेत. एक रिव्हेट बसवायला बहुतेक वेळा दोन माणसं लागतात. एक बाहेरून रिव्हेट गन धरतो, दुसरा आत हात घालून मागून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. आणि अशी हजारो रिव्हेटं. तो आतला हात पुष्कळदा बायकोचा, नवऱ्याचा किंवा शाळकरी मुलीचा असतो. पलीकडचं विमान कापडी आहे. सांगाड्यावर पॉलिएस्टरचं कापड चिकटवायचं आणि घरातल्यासारख्या इस्त्रीनं तापवायचं. कापड आक्रसतं आणि तबल्याच्या पुडीसारखं ताठ होतं.

पंखाखाली फोटोंचा अल्बम ठेवलाय. तो नुसता कौतुकाचा नाही. बांधणीचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असावं अशी कायद्याची अट आहे, आणि हे फोटो त्याचा पुरावा ठरतात. त्यानंतरही विमानाला ठरलेल्या क्षेत्रातच चाचणी उड्डाणं करावी लागतात, साधारणपणे पंचवीस किंवा चाळीस तासांची. तोवर हौसेनं कुणाला फिरवून आणायची मुभा नसते.

एक गोष्ट इथे सगळेच कटाक्षानं पाळतात. प्रोपेलरला हात लावायचा नाही. स्विच बंद असला तरीही नाही. मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनला ठिणगी देणाऱ्या यंत्राची, एखादी तार तुटलेली असेल, तर हातानं फिरवलेल्या प्रोपेलरनंही इंजिन सुरू होऊ शकतं. बाकी काहीही विचारा. किती वर्षं लागली, खर्च किती आला, पहिल्या उड्डाणाला भीती वाटली का? ज्यानं ते बांधलंय तोच शेजारी उभा असतो, आणि उत्तर द्यायला कंटाळत नाही.

आणि हे विमान! नाक जमिनीला टेकवून बसलेलं. मोडलेलं नाही. इंजिन मागे असल्यामुळे वैमानिक उतरला की ते मागे कलंडू शकतं, म्हणून पुढचं चाक आत घेऊन ते असं बसवून ठेवतात. ही बर्ट रुटान यांची रचना. फोम आणि फायबर ग्लासचं त्यांचं व्हॅरी-ईझी १९७५ मध्ये ओशकोशला आलं आणि विमान कसं दिसावं ही कल्पनाच त्यानं बदलली. रुटान यांचंच व्हॉयेजर १९८४ मध्ये इथे लोकांनी पाहिलं. १९८६ च्या डिसेंबरात त्यांचे भाऊ डिक रुटान आणि जीना यीगर यांनी ते वाटेत कुठेही न उतरता, इंधन न भरता, नऊ दिवसांत पृथ्वीभोवती नेलं.

आपल्याकडेही हे घडलंय. फेब्रुवारी २०१६, मुंबईतलं वांद्रे-कुर्ला संकुल, ‘मेक इन इंडिया’ सप्ताह. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान तिथल्या मैदानात मांडलं होतं. गच्चीवरून सुटे भाग क्रेननं उतरवून ते पुन्हा जोडलं होतं. नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं, आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत गेलं २०२० मध्ये. गच्ची, मैदान, धावपट्टी या तीन टप्प्यांत मैदानाला मी कमी लेखणार नाही. विमान मोठ्या कंपनीतच बनतं असं मानणाऱ्या मुंबईकरानं ते तिथे हाताच्या अंतरावरून पाहिलं.

ओशकोशनं २०१४ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. एका तंबूत झेनिथ कंपनीच्या किटपासून आठवड्याभरात विमान उभं करायचं ठरलं, तेही प्रेक्षकांसमोर आणि प्रेक्षकांकडून. लोक रांगेत उभे राहिले. आपली पाळी आली की हत्यारानं ओढून एक रिव्हेट बसवायचं, नोंदवहीत सही करायची, पुढच्याला जागा द्यायची. मुलांनी ओढले, आजोबांनी ओढले, ज्यांनी आयुष्यात कधी हत्यार धरलं नव्हतं त्यांनीही ओढले. आठवडा संपेपर्यंत विमान चाकांवर उभं होतं. पुढे २०१८ मध्येही असंच विमान बांधलं गेलं, आणि रांग तेव्हाही लागलीच.