गुडघ्याला विचारलेला प्रश्न

पहाटेची नमाज. ओळीतली माणसं कमरेत वाकतात, तळवे गुडघ्यांवर ठेवतात. हा रुकू. मग गुडघे आणि कपाळ जमिनीला. हा सजदा. पाच वेळच्या फर्ज, म्हणजे अनिवार्य, नमाजांत 17 रकाती, म्हणजे आवर्तनं; प्रत्येकीत दोन सजदे. दिवसाला 34.

आता हाच गुडघा शस्त्रक्रियेनं बदललेला आहे असं समजा. एक्स-रेत सांधा नीट बसलेला दिसतो. पण रात्री ठणका लागतो का, जिना उतरवतो का, हे फक्त रुग्णच सांगू शकतो. त्यासाठी 1998 साली इंग्लंडमध्ये ‘ऑक्सफर्ड नी स्कोअर’ ही प्रश्नावली आली. 12 प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय. हल्लीच्या पद्धतीत 48 गुण म्हणजे सगळं उत्तम.

त्यातला एक प्रश्न असा: गुडघ्यांवर बसून पुन्हा उठता येतं का?

हा प्रश्न अरबीत नेताना शब्दापाशीच अडायला होतं. ‘रकअ’ हे क्रियापद आजच्या अरबीत गुडघे टेकण्यालाही चालतं. पण नमाजी माणसाला त्यातून रुकू दिसतो, आणि रुकूत गुडघा सरळच राहतो. सजदा न जमणारा रुग्णही मग प्रामाणिकपणे ‘सहज जमतं’ म्हणेल. मराठीतही ‘गुडघे टेकता का?’ असं विचारलं, तर एखादे आजोबा दुखावतीलच की!

म्हणून दोन अनुवादक वेगवेगळे बसून अरबी मसुदा करतात. मूळ न पाहिलेले दुसरे दोघं तो परत इंग्रजीत आणतात. मग 30-40 रुग्णांना विचारतात: यातून तुम्हाला काय कळलं? मला हा टप्पा सगळ्यांत मोलाचा वाटतो.

आपल्याकडे ‘तुम्हाला उठता येतं का’ हे बाईलाही चालतं, पुरुषालाही. अरबीत क्रियापद बदलतं. मजकूर प्रमाण अरबीत असतो, पण वाचता न येणाऱ्या रुग्णाला तो वाचून दाखवणारा नकळत बोलीत शिरतो. कैरोत एका, बगदादमध्ये दुसऱ्या.

मशिदीत काही जण खुर्चीवर बसून नमाज अदा करतात. त्याला मुभा आहे. त्यांतल्या एखाद्याला खरंच खाली बसवत नाही. दुसऱ्याला बसवेल, पण डॉक्टरांनी जपायला सांगितलंय, म्हणून तो बसून पाहतच नाही. कागदावर दोघंही एकाच चौकोनात खूण करतात: ‘अशक्य’.