ओटीच्या दारापर्यंत: शस्त्रक्रिया विभागातला वाहतूक रोबो

मंडळी, शस्त्रक्रियेतला रोबो म्हटलं की सर्जन चालवतात ते यांत्रिक हात डोळ्यांसमोर येतात. आजचा विषय कॉरिडॉरमधल्या रोबोचा आहे. तो सीएसएसडीमधून, म्हणजे अवजारं निर्जंतुक करणाऱ्या विभागातून, इन्स्ट्रुमेंट्सचे निर्जंतुक सेट ओटीपर्यंत (ऑपरेशन थिएटरपर्यंत) आणतो आणि वापरलेली इन्स्ट्रुमेंट्स परत नेतो. कल्पना जुनीच आहे. औद्योगिक रोबोचे जनक जोसेफ एंगेलबर्गर यांच्या कंपनीचा 'हेल्पमेट' १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या डॅनबरी हॉस्पिटलात फिरू लागला होता. २०१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत यूसीएसएफ या वैद्यकीय विद्यापीठाचं मिशन बे रुग्णालय उघडलं, तेव्हा तिथे २५ 'टग' रोबो कामाला होते. चालण्याचा प्रश्न बराचसा सुटला आहे. गाडी अडते ती सामान देता-घेताना.

हिशेब मांडून बघा. सीएसएसडी तळमजल्यावर, ओटी तिसऱ्यावर आणि कॉरिडॉरचं अंतर १८० मीटर धरू. सेकंदाला ०.६ मीटर वेगाने ५ मिनिटं लागतील, लिफ्टची ३ धरा. आठव्या मिनिटाला ट्रॉली दाराशी आली, पण सिस्टर चालू शस्त्रक्रियेत अडकलेल्या, म्हणून ती २० मिनिटं तशीच उभी. अशा वेळी दुप्पट वेगाचा रोबो घेतला, तरी वाचतात अडीच मिनिटं.

म्हणून ट्रॉलीखाली शिरून ती उचलणारा आणि ठेवून निघून जाणारा रोबो मला शस्त्रक्रिया विभागासाठी जास्त योग्य वाटतो. दोन्ही टोकांना जमिनीवर पट्टी मारून दोन-दोन जागा आखा, एक भरलेल्या ट्रॉलीची, एक रिकाम्या ट्रॉलीची. मग रोबो कोणासाठी खोळंबत नाही. ट्रॉली बंद कपाटासारखी आणि कुलपाची हवी. सेट उतरवताना बारकोड स्कॅन झाला की ताबा ओटीकडे गेला, अशी नोंद पडायला हवी. ही नोंद नसेल तर 'सेट पाठवला' आणि 'सेट मिळालाच नाही' हा रोजचा वाद रोबो आल्यावरही तसाच राहतो.

हद्द कुठे? निर्जंतुक क्षेत्राच्या अलीकडे. रोबोची चाकं आणि पोट वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये जात नाहीत. आत थंडाव्यासाठी पंखा असेल, तर तो जमिनीलगतची धूळ उडवतो. शिवाय ओटीचं दार जितक्या वेळा उघडेल तितका बाहेरची हवा रोखणारा आतला जादा दाब ढळतो. पास बॉक्सपर्यंत (सामान आत देण्याच्या भिंतीतल्या दोन दारांच्या कपाटापर्यंत) रोबोने यावं, पुढचं काम माणसाचं.

परतीच्या फेरीत जास्त चुका होतात. रक्त वाळलं की बिजागरीतून निघत नाही, म्हणून वापरलेला सेट ओलसर ठेवूनच बंद डब्यात भरावा. त्यासाठी सलाईन वापरू नका, त्यातल्या क्लोराइडने स्टीलला खड्डे पडतात. एन्झाइमचा फेस किंवा साध्या पाण्याने भिजवलेलं कापड चालतं. स्वच्छ आणि वापरलेल्या सामानाच्या ट्रॉल्या वेगळ्या हव्यात, रंगानेही वेगळ्या. रोबो मात्र एकच चालतो, कारण तो फक्त ट्रॉलीच्या तळाला टेकतो. ती टेकायची जागा दर फेरीनंतर पुसायची.

पुसताना लायडारच्या, म्हणजे लेसर किरणांनी अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या, खिडकीची काळजी घ्या. ओटीत हाताशी स्पिरिट असतं आणि मामा-मावशी मनापासून पुसतात. पण खिडकी अॅक्रिलिकची असेल, तर अल्कोहोल वारंवार लागलं की बारीक तडे जाऊन ती धुरकट होते. मग रोबोला मोकळ्या कॉरिडॉरमध्ये अडथळे दिसतात आणि तो जागच्या जागी थांबतो. खिडकीला कुठलं द्रव चालतं ते निर्मात्याकडून लेखी घ्या आणि रोबोवरच चिकटवा.

लायडारची दुसरी मर्यादा म्हणजे तो एकाच उंचीचा काप पाहतो. जमिनीपासून २० सेंटिमीटरवर असेल, तर सलाईन स्टँडचा बारीक दांडा त्याला दिसतो, खाली पसरलेले पाय दिसत नाहीत. स्ट्रेचरची बाहेर आलेली कड वरून निसटते. काचेच्या दारातून किरण आरपार जातो. म्हणून खोली मोजणारा कॅमेरा खाली-वर दोन्हीकडे हवा आणि काचेवर त्या उंचीला अपारदर्शक पट्टी हवी.

वेगाचंही गणित आहे. सेकंदाला १ मीटर वेग, प्रतिसादाला ०.३ सेकंद आणि बेताचा ब्रेक धरला तर रोबो साधारण ८० सेंटिमीटरवर थांबतो. वेग निम्मा केला की २८ सेंटिमीटर पुरतात. ब्रेक करकचून लावता येत नाही, कारण वरच्या खणातला आठ-दहा किलोचा ऑर्थोचा (हाडांच्या शस्त्रक्रियेचा) कंटेनर पुढे सरकतो. जड सेट तळाच्या खणात आणि वळणावर वेग निम्मा, हे दोन्ही पाळा.

लिफ्टला मी सर्वांत जास्त वेळ देईन. पोलादी पेटीत वायफाय तुटतं. 'दार उघडलं' हा निरोप रोबोपर्यंत पोचत नाही आणि तो आतच राहून भलत्या मजल्यावर जातो. दार उघडल्याचं रोबोने स्वतःच्या लायडारने ओळखावं, मजला हवेच्या दाबमापकाने पडताळावा आणि लिफ्टने ठरावीक सेकंदांनंतर त्याची वाट पाहणं सोडावं. आत स्ट्रेचर असेल तर रोबोने चढायचंच नाही. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत जाळीच्या दाराची लिफ्ट असते. तिथे एकाच मजल्यापुरता रोबो वापरा. करार करण्याआधी लिफ्टचा उंबरठा आणि फट मोजा, रोबोचं चाक तिथेच अडकतं.

सुरुवात कुठल्या कामाने करावी? दुसऱ्या दिवशीच्या ओटी लिस्टचे सेट संध्याकाळी पोचवणं हे सर्वांत चांगलं, कारण वेळ ठरलेली असते आणि अर्धा तास उशीर झाला तरी बिघडत नाही. फ्रोझन सेक्शनचा (शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवून तपासायचा) तुकडा आणि रक्ताची पिशवी रोबोला देऊ नका. फ्रोझनचा तुकडा फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रवाशिवाय जातो आणि पोट उघडं ठेवून सर्जन रिपोर्टची वाट पाहत असतात. रक्त ठरलेल्या तापमानाबाहेर अर्ध्या तासाहून जास्त राहिलं, तर ते परत साठ्यात घेता येत नाही. या दोन कामांना माणूसच धावला पाहिजे.

पहिला महिनाभर रोबो जिथे जिथे थांबला ती जागा आणि वेळ वहीत लिहा. रिकव्हरी रूमबाहेर सकाळी लावून ठेवलेली स्ट्रेचर त्या वहीत पुन्हा पुन्हा येत असेल, तर रोबोचा नकाशा बदलण्याआधी स्ट्रेचरची जागा बदला.