तिसऱ्या स्ट्राइकनंतरचा शब्द: अमेरिकी हायस्कूल बेसबॉलमधली शिवी आणि हकालपट्टी

(दृश्य: होम प्लेट, म्हणजे बॅटरच्या पायाशी असलेली जमिनीतली पाटी. बॅटर, त्याच्या मागे चेंडू झेलणारा कॅचर आणि मागे मास्क घातलेला पंच.)

तिसरा स्ट्राइक, म्हणजे खेळण्याजोगा चेंडू हुकण्याची तिसरी वेळ. बॅटरने बॅट फिरवलीच नाही आणि पंचाने आउट दिलं. मुलगा वळून डगआऊटकडे (संघाच्या बाकांकडे) चालू लागतो, आणि चालता चालता त्याच्या तोंडून एक शिवी जाते. हळू, पण ऐकू येईल इतकी. प्लेटमागच्या पंचाच्या हातात आता दोन-तीन सेकंद आहेत. कानाआड करायचं, समज द्यायची, की या मुलाला सामन्यातून काढायचं?

अमेरिकेत हायस्कूल बेसबॉल खेळणाऱ्या मुलांची संख्या पावणेपाच लाखांच्या आसपास आहे. सामना सात इनिंगचा (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची बॅटिंगची एकेक पाळी), आणि मैदानावर बहुतेक वेळा दोनच पंच. बहुतांश राज्यांत खेळ चालतो तो एनएफएचएसच्या नियमपुस्तकाप्रमाणे. राज्यांच्या हायस्कूल क्रीडा संघटनांचा हा राष्ट्रीय महासंघ 1920 मध्ये सुरू झाला. त्याचं मुख्यालय इंडियानापोलिसला आहे.

या पुस्तकातल्या तिसऱ्या नियमाच्या तिसऱ्या कलमात खेळाडू, बदली खेळाडू, कोच आणि बेंचवरच्या प्रत्येकाने काय करायचं नाही, हे दिलं आहे. शिवीगाळ करायची नाही. धाकदपटशा नाही. दुसऱ्याचा पाणउतारा होईल असं बोलायचं नाही, डिवचायचं नाही, प्रेक्षकांना चिथवायचं नाही. शिक्षाही तिथेच आहे: बाहेर काढा. मात्र चूक किरकोळ वाटली तर पंच आधी ताकीद देऊ शकतो आणि तीच चूक पुन्हा झाली की बाहेर काढू शकतो.

कोणते शब्द शिवीत धरायचे याची यादी पुस्तकात नाही. ती नाही हे बरंच आहे. यादी असती तर मुलांनी यादीबाहेरचे शब्द शोधले असते आणि पंच यादी धरून बसले असते. किरकोळ काय आणि गंभीर काय, हे ठरवणं म्हणूनच पंचाकडे येतं, आणि चांगला पंच आधी शब्द कुठे गेला ते बघतो.

स्वतःवर चिडून पुटपुटलेली शिवी एक. सोपा झेल सुटला, मुलाने मान खाली घातली आणि ग्लोव्हमध्ये तोंड घालून काहीतरी म्हटलं. बहुतेक पंच इथे इनिंग संपेपर्यंत थांबतात आणि जाता जाता सांगतात, ‘ऐकलं मी. पुन्हा नको.’ तोच शब्द तिसऱ्या बेसच्या (बेस म्हणजे धाव घेताना गाठायचा टप्पा) बाजूच्या कट्ट्यावर बसलेल्या आजीआजोबांपर्यंत पोचला, तर ताकीद उघडपणे, कोचच्या देखत दिली जाते. आणि तोच शब्द पंचाच्या किंवा चेंडू टाकणाऱ्या समोरच्या पिचरच्या तोंडावर फेकला, तर ताकिदीची वेळ निघून गेलेली असते. ‘हा काय स्ट्राइक होता का?’ हा प्रश्न निर्णयाबद्दल आहे. ‘तू नालायक आहेस’ हे माणसाबद्दल आहे, त्यात एकही शिवी नसली तरी. दुसऱ्या वाक्यावर खेळाडू बाहेर जातो आणि पालकांना कळत नाही की मुलगा शिवी न देता बाहेर कसा गेला.

वंश, वर्ण, धर्म किंवा अपंगत्वावरून मारलेला टोमणा तर किरकोळ धरलाच जाऊ नये. तिथे ताकीद देऊन सोडणारा पंच समोरच्या मुलाला वाऱ्यावर सोडतो.

(दृश्य: पंच प्लेटच्या पुढे येऊन, पिचरकडे पाठ करून वाकतो. ब्रश हळूहळू फिरतो.)

हे नीट पाहा. प्लेट स्वच्छच आहे. तरी पंच पुढे येऊन, मैदानाकडे पाठ करून वाकला आहे आणि सावकाश ब्रश फिरवतो आहे. त्याचा चेहरा आता फक्त कॅचरला आणि बॅटरला दिसतो. मास्क त्याने काढलेला नाही. याच दहा-बारा सेकंदांत तो बॅटरशी बोलतो: ‘तुझं म्हणणं ऐकलं. आता खेळूया.’ गर्दीला काही कळत नाही, मुलाचा अपमान होत नाही आणि पुढची शिवी बहुतेक वेळा टळते. तेच मास्क काढून, छाती पुढे काढून बोललं, तर दोन्ही डगआऊट उभे राहतात आणि मुलालाही मित्रांसमोर माघार घेणं जड जातं.

पंचांच्या प्रशिक्षणात यासाठी चार पायऱ्या शिकवल्या जातात: दुर्लक्ष करा, दखल घ्या, ताकीद द्या, बाहेर काढा. प्रत्येक वेळी पहिल्या पायरीपासूनच चढायला हवं असं नाही. धक्काबुक्की झाली की थेट चौथी.

चुका होतात त्या अधल्यामधल्या पायऱ्यांवर. काही पंच डगआऊटमधली प्रत्येक कुजबुज टिपायला कान लावून बसतात आणि खेळाकडे त्यांचं लक्ष राहत नाही. काही जण उलट करतात. पहिल्या इनिंगपासून शिव्या ऐकून गप्प बसतात आणि पाचव्या इनिंगला, सामना तापल्यावर, त्याच शब्दासाठी एका मुलाला बाहेर काढतात. त्या मुलाची तक्रार रास्त असते: इतका वेळ चालत होतं ना? तिसरी चूक म्हणजे ‘आणखी एक शब्द बोललास तर बाहेर’ अशी धमकी. मुलगा ‘ओके’ म्हणाला, तर तोही शब्दच. आता बाहेर काढलं तर अन्याय आणि नाही काढलं तर धमकी पोकळ. म्हणून ताकीद साधी असावी: ‘ही भाषा थांबव. ही ताकीद आहे.’

दिलेली ताकीद पंच लाइनअप कार्डावर (खेळाडूंच्या यादीच्या कार्डावर) टिपून ठेवतो: इनिंग, जर्सी क्रमांक, कारण. जोडीदार पंचालाही सांगतो, कारण तोच मुलगा पुढच्या वेळी पहिल्या बेसपाशी, त्या पंचासमोर बोलणार असतो. कोचसाठी मधली एक शिक्षा आहे. लेखी ताकीद मिळालेला कोच उरलेला सामना डगआऊटमध्येच बसतो. जखमी किंवा आजारी पडलेल्या खेळाडूकडे जाण्यासाठी तेवढं त्याला बाहेर येता येतं. सहायक कोच पंचाच्या निर्णयावर वाद घालायला जागा सोडून आला, तर तो आणि मुख्य कोच दोघेही डगआऊटमध्ये बंद होतात. आपल्या माणसाला आवरणं मुख्य कोचचं काम आहे, असं नियमच सांगतो.

(दृश्य: होम प्लेटकडे धावणारा रनर आणि चेंडूची वाट पाहणारा कॅचर.)

ताकिदीचा पर्यायच नसलेल्या गोष्टीही आहेत. रनरने कॅचरला मुद्दाम, जोरात धडक दिली तर तो आउट आणि सामन्याबाहेर. चेंडू त्याच क्षणी मृत होतो, म्हणजे खेळ थांबतो. कॅचरने आधी वाट अडवली होती, ही सबब चालत नाही, कारण धडकेचा नियम अडथळ्याच्या नियमावर मात करतो. मात्र प्लेटला पाय लागून धाव पूर्ण झाल्यावर धडक दिली असेल, तर धाव मोजली जाते आणि मुलगा बाहेर जातो. क्षेत्ररक्षकाने अशी धडक दिली तर तोही बाहेर. पिचरने जाणूनबुजून बॅटरच्या अंगावर चेंडू टाकला, तर पिचर बाहेर. हेतूबद्दल शंका असेल तर पंच आधी ताकीद देऊ शकतो. मारामारी करायला जागा किंवा बेंच सोडून धावणाराही बाहेर. आणि मैदानावर तंबाखू वापरली तरी हकालपट्टी.

बॅटचं प्रकरण थोडं वेगळं आहे. फटका मारून पळताना बॅट बेफिकिरीने उडाली, तर ताकीद त्या एका मुलाला नाही, सगळ्या संघाला. त्यानंतर त्या संघातल्या ज्याची बॅट उडेल तो बाहेर. आधीची ताकीद दुसऱ्याच मुलामुळे आली होती, याने काही फरक पडत नाही. संतापून बॅट किंवा हेल्मेट आपटणं हा मात्र सरळ त्या खेळाडूचा गुन्हा.

(दृश्य: पंच हात वर करून खूण करतो. दुसरा पंच मधे येतो.)

प्रत्यक्ष हकालपट्टीत नाट्य नसावं. पंच खूण करतो, क्रमांक सांगतो आणि तिथून बाजूला जातो. दुसरा पंच कोच आणि आपला जोडीदार यांच्या मधे उभा राहतो. दोन्ही कोचना आणि स्कोअरबुक लिहिणाऱ्याला कळवलं जातं.

क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्या लोकांना हे जरा नवीन वाटतं. क्रिकेटच्या कायद्यांत पंचाला खेळाडूला मैदानाबाहेर पाठवण्याचा अधिकार 2017 मध्ये आला. बेसबॉलमध्ये हा अधिकार जुना आहे आणि रोजच्या वापरातला आहे.

बाहेर काढलेला खेळाडू मात्र घरी जात नाही, बसमध्ये जाऊन बसत नाही, पार्किंगमध्येही फिरत नाही. तो सामना संपेपर्यंत डगआऊटमध्येच राहतो. व्यावसायिक बेसबॉलमध्ये त्याला थेट ड्रेसिंग रूममध्ये पाठवतात. इथे पाठवत नाहीत, कारण तो शाळेचा विद्यार्थी आहे आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारी मोठी माणसं बेंचवरच आहेत. चिडलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला एकट्याला मैदानाबाहेर सोडायचं नाही, हा या नियमातला सगळ्यात शहाणा भाग आहे. कोचचं उलट. त्याने ताबडतोब मैदानाच्या परिसरातून निघून जायचं आणि संघाशी थेट किंवा कुणामार्फत कसलाही संपर्क ठेवायचा नाही. झाडाआडून खुणा करणं किंवा सहायकाला मेसेज पाठवणं हेही त्यात आलं. जखमी खेळाडूसाठी बोलावलं तरच परत यायचं.

मुलाच्या जागी बदली खेळाडू येतो. बदली उरलाच नसेल तर संघ आठ जणांवर खेळू शकतो, पण बॅटिंगमध्ये त्या रिकाम्या जागेची पाळी आली की प्रत्येक वेळी आउट धरला जातो. आठपेक्षा कमी झाले की सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल, 7-0 असा. छोट्या शाळांच्या संघात दहा-अकराच मुलं असतात. तिथे एका शिवीची किंमत सगळ्या संघाला मोजावी लागते.

शेवटचा चेंडू पडला म्हणून जिभेला मोकळीक मिळते असंही नाही. पंच मैदानाच्या आवारात आले की त्यांचा अधिकार सुरू होतो आणि ते मैदान सोडून जाईपर्यंत टिकतो. हस्तांदोलनाच्या रांगेत पुटपुटलेलं वाक्यही मोजलं जातं.

(दृश्य: लॅपटॉपसमोर बसलेला पंच. स्क्रीनवर अहवालाचा फॉर्म.)

त्यानंतर अहवाल. इनिंग, स्कोअर, क्रमांक, आधी ताकीद दिली होती का आणि मुलगा नेमकं काय बोलला. ‘अपशब्द वापरला’ एवढंच लिहून चालत नाही. शब्द जसाच्या तसा लिहायचा, फुल्या-ताऱ्या न घालता. अहवाल वाचणाऱ्याला शिवी पंचाला होती की स्वतःला, हे कळलं पाहिजे. स्वतःचं मत आणि मुलाच्या स्वभावावरची टिप्पणी गाळायची. असे अहवाल त्याच दिवशी, आठवण ताजी असताना लिहिलेले बरे.

पुढची शिक्षा राज्याची संघटना देते. इलिनॉयमध्ये पुढचा एक सामना. न्यू जर्सीमध्ये पुढचे दोन. तिथल्या एडिसन आणि आसपास राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांनाही हाच नियम लागू. ओहायोमध्ये त्या दिवशीचे उरलेले सगळे सामने, आणि त्यावर आणखी दोन. शनिवारच्या डबलहेडरमध्ये (एकाच दिवशीच्या लागोपाठ दोन सामन्यांत) पहिल्याच सामन्यात बाहेर गेलेला मुलगा दुसराही गमावतो आणि तो दुसरा सामना त्या दोनांत धरला जात नाही. पावसाने रद्द झालेला सामनाही मोजत नाहीत, प्रत्यक्ष खेळला गेलेलाच धरतात. ज्युनियर संघातून खेळून शिक्षा भरून काढू, ही पळवाटही बंद आहे. त्याच हंगामात दुसऱ्यांदा बाहेर गेला तर हंगाम संपला.

आणि ओहायोत हकालपट्टी हंगामाच्या शेवटच्या सामन्यात झाली, तर शिक्षा माफ होत नाही. मुलगा पुढे ज्या खेळात उतरेल तिथे ती लागू होते. मे महिन्यात बेसबॉलच्या प्लेटपाशी दिलेली शिवी ऑगस्टमध्ये फुटबॉलच्या पहिल्या सामन्यात त्याला बेंचवर बसवते, आणि नव्या कोचला त्याचं कारण सांगायला त्यालाच जावं लागतं.