शेजारच्या शाळांची भिशी : इंडियानातल्या छोट्या हायस्कूलांच्या कॉन्फरन्सची गोष्ट

[कॅमेऱ्यासमोर. मागे फळा, त्यावर खडूने काढलेला इंडियानाचा नकाशा.]

नमस्कार मंडळी. आज एका गावापासून सुरुवात करू. गावाचं नाव लिहितात मिलान. पण तिथे जाऊन 'मिलान' म्हणालात तर लोक गालात हसतील, कारण ते म्हणतात 'मायलन'. अमेरिकेतलं इंडियाना राज्य, त्याचा आग्नेय कोपरा, रिप्ली काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा समजा. काउंटीचं मुख्य ठिकाण व्हर्साय, तेच फ्रान्सच्या राजवाड्याचं नाव. त्याचंही तिथे 'व्हर्सेल्स' झालंय. आपण स्टेशनचं ठेसन केलं, तसंच.

या मायलनच्या हायस्कूलमध्ये १९५४ साली मुलं-मुली मिळून १६१ विद्यार्थी होते. २० मार्च १९५४ च्या रात्री इंडियानापोलिसमध्ये, बटलर विद्यापीठाच्या फील्डहाउसमध्ये, हीच शाळा राज्याच्या बास्केटबॉल फायनलला उभी होती. समोर मन्सी सेंट्रल : दीड हजारावर विद्यार्थी आणि तोपर्यंत चार वेळा राज्य विजेती.

शेवटचा क्वार्टर. मायलन दोन गुणांनी मागे, २८-२६. मागे असलेला संघ काय करेल? पळेल. पण मायलनचा बॉबी प्लम्प चेंडू हातात धरून उभा राहिला. चार मिनिटं तेरा सेकंद, हललाच नाही. तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत शॉट मारायचं बंधन, नव्हतं, त्यामुळे नियमात बसत होतं. हजारो लोक एका पोराला उभं राहिलेलं बघत होते. मग त्याने शॉट मारला, आणि तो चुकला! पण पुढे मायलनने बरोबरी साधली, २८-२८. मग ३०-३०. पुन्हा चेंडू प्लम्पच्या हातात. शेवटची काही सेकंदं उरली असताना उजव्या बाजूने त्याने उडी मारून फेकला. ३२-३०.

ही गोष्ट तुमच्यातल्या काहींनी ऐकली असेल, हॉलिवूडने त्यावरून सिनेमाही काढला. पण मला आज सांगायचंय ते त्या रात्रीबद्दल नाही. अशी रात्र एखाद्याच शाळेच्या वाट्याला येते. बाकीच्या शेकडो छोट्या शाळा हिवाळाभर, दर आठवड्याला, कोणाशी खेळत होत्या? त्याचं उत्तर म्हणजे कॉन्फरन्स. तिची गोष्ट कोणी सांगत नाही.

[नकाशाकडे वळून]

आधी एक माझी गंमत. आमची शाळा कबड्डीत तालुक्याला जायची. पीटीच्या सरांनी महिनाभर सकाळी साडेसहाला मैदानावर पळवलेलं. टेम्पोत बसून तालुक्याला गेलो, पहिलाच सामना शहरातल्या मोठ्या शाळेशी, अर्ध्या तासात बाहेर. दुपारी वडापाव खाऊन परत. वर्षभराचा खेळ संपला. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांची रचना अशीच आहे : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. गट असतात ते वयाचे : चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालचे. शाळा केवढी आहे हे कोणी विचारत नाही. हरलात की घरी.

आता गंमत बघा. इंडियानातही राज्य स्पर्धा चार पायऱ्यांचीच : सेक्शनल, रीजनल, सेमी-स्टेट, स्टेट. १९११ पासून ही स्पर्धा चालू आहे, पहिलं विजेतेपद क्रॉफर्ड्सव्हिलचं. आणि १९९७ पर्यंत तिथेही शाळेचा आकार कोणी विचारत नव्हतं. १६१ विद्यार्थ्यांची आणि १६०० विद्यार्थ्यांची शाळा एकाच तागडीत. म्हणजे आपल्यासारखंच. फरक एवढाच की तिथे राज्य स्पर्धा हा हंगामाचा शेवट असतो. त्याआधी नोव्हेंबर ते फेब्रुवारी एक अख्खा हंगाम असतो, वीसेक सामन्यांचा. हा हंगाम राज्याची क्रीडा संघटना लावून देत नाही. तो शाळांनी आपापसांत जमवायचा. इथे कॉन्फरन्स येते.

कॉन्फरन्स म्हणजे आपली भिशी समजा. आठ-दहा शाळांचे मुख्याध्यापक बसतात आणि ठरवतात : आपण सगळे एकमेकांशी खेळायचं, एक वर्ष तुमच्याकडे, पुढचं वर्ष आमच्याकडे. भिशीत जसा प्रत्येकाचा नंबर कधी ना कधी लागतो, तसा प्रत्येकाच्या जिममध्ये शेजारी येतो. आणि ज्याचं जिम, तिकिटाचे पैसे त्याचे. पॉपकॉर्नच्या टेबलामागे त्याच शाळेतल्या पोरांच्या आया. त्या पैशातून पुढच्या वर्षीच्या जर्सी.

छोट्या शाळेला याची गरज का? कारण मोठी शाळा तुमच्याशी खेळायला राजी नसते. जिंकली तर कौतुक नाही, हरली तर तोंड दाखवायला जागा नाही. तुमचं जिमही लहान, पन्नास किलोमीटरवरून येऊन तिचा फायदा काय? आणि तुम्ही तिकडे जायचं म्हटलं तर शाळेच्या दिवशी संध्याकाळी बस काढायची, रात्री अकराला परत, सकाळी पोरांच्या घरी गाईंचं दूध काढायचंय. त्यामुळे बसला परवडेल एवढ्या अंतरातले आणि आपल्याच मापाचे शेजारी गाठायचे. कॉन्फरन्सचा इतिहास काढायला बसलात तर ट्रॉफ्यांपेक्षा बसच्या फेऱ्याच जास्त सापडतील, असं माझं मत.

बास्केटबॉलच का, हेही सांगून टाकतो. अमेरिकन फुटबॉलला अकरा पोरं लागतात आणि अंगावरचं सामान महाग. बास्केटबॉलला पाच पोरं, एक चेंडू, एक रिंग. शेतीची कामं हिवाळ्यात थंडावलेली. विन्गेट नावाच्या शाळेला तर स्वतःचं जिमच नव्हतं. पोरं सहा मैलांवरच्या न्यू रिचमंडला जाऊन सराव करायची. त्या शाळेने १९१३ आणि १९१४ अशी लागोपाठ दोनदा राज्य स्पर्धा मारली. १९१३ ची फायनल साउथ बेंडशी, पाच वेळा जादा वेळ द्यावा लागला आणि निकाल १५-१४. पाच ओव्हरटाइमनंतर पंधरा गुण! आजचे पोरं एवढे गुण पहिल्या क्वार्टरमध्येच करतात.

त्या काळात शेजारी म्हणजे काउंटीच. इंडियानात प्रत्येक काउंटीचे टाउनशिप पाडलेले, आणि टाउनशिपची स्वतःची शाळा. आपल्याकडे गट ग्रामपंचायतीने स्वतःचं हायस्कूल काढावं तसं. एका काउंटीत अशा आठ-दहा शाळा सहज. त्यांची आपापसांतली लीग, आणि हंगामाच्या मध्यात काउंटी टूर्नामेंट. राज्याची फायनल कोणी बघितलीय? पण काउंटी टूर्नामेंटला चुलतभाऊ चुलतभावाविरुद्ध खेळतो आणि मामा मधल्या बाकावर बसून कोणाच्या बाजूने ओरडायचं या पेचात. १९३८ साली राज्य स्पर्धेत ७८७ शाळा उतरल्या होत्या, हा आकडा कधीच मागे पडला नाही. १९५४ ला ७५१ होत्या. यातल्या बहुसंख्य अशाच टाउनशिपच्या शाळा.

[थोडं थांबून]

पण भिशीत एक गोष्ट असते : कोणाला घ्यायचं हे आतले लोक ठरवतात. 'स्पर्धा सगळ्यांना खुली' असं इंडियाना अभिमानाने सांगायचं, ते पूर्ण खरं नव्हतं. राज्य संघटना १९०३ ची, पण कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा आणि कॅथलिक शाळा यांना १९४२ पर्यंत सदस्यत्वच नव्हतं. इंडियानापोलिसमध्ये क्रिस्पस ॲटक्स ही शाळा १९२७ ला उघडली, शहरातली कृष्णवर्णीय मुलं तिथे घातली. या शाळेशी शहरातल्या इतर सरकारी शाळा खेळायच्या नाहीत. शेजारी समोर दिसतोय, पण कॅलेंडरमध्ये तुमचं नाव नाही. मग ॲटक्सची पोरं सामना शोधत लांब लांब जायची, राज्याबाहेरसुद्धा. जिम इतकं लहान की मोठा सामना घरी घेताच येत नसे. म्हणजे छोट्या शाळेच्या सगळ्या अडचणी, शाळा छोटी नसताना.

आणि १९५४ ला सेमी-स्टेटमध्ये मायलनने हरवलं ते याच ॲटक्सला, ६५-५२. ॲटक्सकडून दहावीतला एक पोरगा खेळत होता, ऑस्कर रॉबर्टसन. पुढे तो एनबीएतला सर्वकालीन मोठ्यांपैकी एक झाला. पुढच्याच वर्षी, १९५५ ला, ॲटक्सने राज्य जिंकलं आणि १९५६ ला एकही सामना न हरता पुन्हा. १९५५ चा विजय म्हणजे अख्ख्या देशात कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेने खुली राज्य स्पर्धा जिंकायची पहिलीच वेळ. विजेत्यांनी शहराच्या मधोमध, मॉन्युमेंट सर्कलला जल्लोष करायचा हा रिवाज. ॲटक्सच्या पोरांना तिथे फक्त एक फेरी मारू दिली आणि मिरवणूक वळवली कृष्णवर्णीय वस्तीतल्या बागेकडे. मायलनच्या पोरांचं स्वागत करायला दुसऱ्या दिवशी मैलोन्‌मैल गाड्या लागल्या होत्या. या दोन मिरवणुका मला शेजारी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात.

आता १९५९. इंडियानाने शाळांच्या फेररचनेचा कायदा केला. खर्च परवडत नाही, प्रयोगशाळा नाहीत, शिक्षक मिळत नाहीत, तेव्हा छोट्या शाळा एकत्र करा. आपल्याकडे २०२३ ला समूह शाळांचा विषय निघाला तेव्हा गावागावांत जो आवाज उठला, तसाच तिथेही उठला होता. फरक असा की तिथल्या पोराला बस मिळायची. अंतराची अडचण बसने सुटली, पण 'संघाचं नाव काय ठेवायचं?' हे भांडण मात्र जोरात. रंग कोणता, मॅस्कॉट कोणता. जुन्या ट्रॉफ्या कोणाच्या कपाटात.

रिप्ली काउंटीतलंच उदाहरण घ्या. जॅक्सन, सेंटर आणि डेलावेर या तीन टाउनशिपांनी मिळून शाळा केली. कोणाचंच नाव मोठं नको आणि कोणाचंच पडायला नको. मग नाव पडलं : जॅक-सेन-डेल. हसू नका! बुद्रुक-खुर्दचा वाद मिटवताना आपणही असंच काहीतरी केलं असतं. दुसरीकडे व्हर्सायसकट दक्षिणेकडच्या गावांच्या शाळा मिळून झाली साउथ रिप्ली. ही दिशेची युक्ती इंडियानाभर दिसते. गावाचं नाव घेतलं की भांडण, मग दिशा घ्या.

याचा कॉन्फरन्सवर परिणाम उघड आहे. काउंटीत दहाच्या तीन-चार शाळा उरल्यावर लीग कसली? म्हणून साठ-सत्तरच्या दशकात काउंटीच्या लीगा मोडल्या आणि चार-पाच काउंट्यांमधल्या छोट्या शाळांनी मिळून नव्या भिश्या लावल्या. अशा छोट्यांच्या भिशीचं एक उदाहरण ओहायो नदीकाठचं, ओहायो रिव्हर व्हॅली कॉन्फरन्स. तिच्यात जॅक-सेन-डेल आहे, रायझिंग सन आहे : क्षेत्रफळानेही आणि लोकसंख्येनेही राज्यातल्या सर्वांत लहान काउंटीतली शाळा. स्वित्झर्लंड काउंटी नावाची शाळाही आहे, तिकडे खरोखरच स्विस लोकांनी येऊन द्राक्षं लावली होती. मॅडिसन गावातलं एक कॅथलिक हायस्कूलही आहे, शॉ मेमोरियल. १९४२ पूर्वी ज्यांना दारातून आत घेतलं नसतं, ते आता भिशीचे सभासद.

आणि मायलन? मायलन कितीतरी वर्षं शेजारच्या मोठ्या शाळांच्या कॉन्फरन्समध्ये होतं, ईस्टर्न इंडियानामध्ये. मन्सीला हरवणारी शाळा म्हणजे प्रतिष्ठेचा प्रश्न! पण बाकीच्या शाळा वाढत गेल्या, मायलन तेवढंच राहिलं. २०१० च्या दशकात मायलन आणि साउथ रिप्ली दोघीही नदीकाठच्या छोट्यांच्या कॉन्फरन्समध्ये आल्या. कोणी याला माघार म्हणेल. मला तरी ते शहाणपण वाटतं. दर शुक्रवारी तीस गुणांनी हरून आपण १९५४ चे वारस आहोत हे कोणाला पटवायचंय?

मुलींचं एका वाक्यात उरकतो असं नाही, पण ते इतकं उशिरा आलं की वाक्यं कमीच पडतात. मुलींची पहिली राज्य बास्केटबॉल स्पर्धा १९७६ ची, वॉर्सा जिंकली. म्हणजे मुलांच्या मागे पासष्ट वर्षं.

राहिला १९९७ चा निर्णय. त्या वर्षी शेवटची एकत्र स्पर्धा झाली, ३८२ शाळा होत्या. १९९७-९८ पासून विद्यार्थीसंख्येनुसार चार गट. बॉबी प्लम्प स्वतः या बदलाच्या विरोधात उभा राहिला. त्याचं दुःख कळतं. पण १९५४ ते १९९७ या त्रेचाळीस वर्षांत मायलनएवढी लहान शाळा पुन्हा एकदाही जिंकली नाही, हेही खरंच. छोट्या शाळांच्या मुख्याध्यापकांना स्वप्न नको होतं, कप हवा होता. मिळाला. २००९ ला सर्वांत लहान गटाचं विजेतेपद कोणाला गेलं? जॅक-सेन-डेलला. मायलनच्याच काउंटीतल्या त्या तीन अक्षरी जोडाजोडीच्या शाळेला. प्रेक्षक मात्र घटले. चार विजेते झाले की प्रत्येकाला एक चतुर्थांश टाळ्या, हे गणित कोणी आधी मांडलं नव्हतं.

गट आले तरी कॉन्फरन्स तशीच आहे, कारण तिचा कपाशी संबंध कधी नव्हताच. रिप्ली काउंटीत दर जानेवारीत अजूनही काउंटी टूर्नामेंट होते. एवढ्या सगळ्या शाळांमधून उरलेल्या चार : मायलन, जॅक-सेन-डेल, साउथ रिप्ली आणि बेट्सव्हिल. बेट्सव्हिल मोठी, तिची कॉन्फरन्स वेगळी. तरी त्या आठवड्यात येते, काउंटीतल्या शेजाऱ्यांशी खेळते, आणि मामा पुन्हा मधल्या बाकावर.

तुमच्या शाळेला वर्षात किती सामने मिळायचे ते खाली लिहा. माझे मी मोजलेत. एक.