कळसूबाई कळसूबाईपेक्षा उंच कशी असेल?

श्रोतेहो, नमस्कार. इंग्रजीच्या पेपरात 'चेंज द डिग्री', म्हणजे तुलनेचं वाक्य अर्थ न बदलता दुसऱ्या रूपात लिहा, असं म्हटलं की आपली मुलं सूत्रं आठवायला लागतात. मला मात्र आज आधी मराठीतून सुरुवात करायची आहे.

साल्हेर उंच आहे. कळसूबाई साल्हेरपेक्षा उंच आहे. कळसूबाई महाराष्ट्रात सर्वांत उंच आहे. तिन्ही वाक्यांत 'उंच' हा शब्द तसाच राहिला. तुलनेचा सगळा भार 'पेक्षा' आणि 'सर्वांत' यांनी उचलला. इंग्रजीत विशेषणालाच रूप बदलावं लागतं: हाय, हायर, हायेस्ट. म्हणून एखादं मूल 'हाय दॅन साल्हेर' लिहितं, तेव्हा ते मराठीचा नियम इमानानं पाळत असतं. त्याला रागावू नका, फरक दाखवा. 'मोर बेटर'चंही तेच. 'जास्त चांगलं' आपण घरात रोज म्हणतो. पण 'बेटर'मध्ये 'जास्त' आधीच आलेलं असतं.

तसा हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ या शब्दांच्या शेवटी ऐकू येणारा 'इष्ठ' आणि इंग्रजीतला 'एस्ट' हे एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत. 'श्रेष्ठ' म्हणजे मुळातच सर्वांत उत्तम, तरी आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतोच. मला हे नातं फार आवडतं, आणि वर्गात सांगितलं की मुलांचेही डोळे चमकतात.

आता जिथे हमखास मार्क जातात ती जागा. 'कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र.' वाचायला ठीक वाटतं. पण कळसूबाईही महाराष्ट्रातलंच शिखर आहे ना? मग ती स्वतःपेक्षाही उंच ठरली! म्हणून 'एनी अदर पीक' हवं. 'अदर' म्हणजे तिला सोडून बाकीची. हेच वाक्य हिमालयातल्या शिखराबद्दल असतं, तर 'अदर' नको, कारण ते शिखर महाराष्ट्रातलं नाहीच.

आणि साल्हेर? कळसूबाई 1646 मीटर, साल्हेर 1567 मीटर, म्हणजे राज्यात दुसरं. त्यामुळे साल्हेर 'वन ऑफ द हायेस्ट पीक्स'. ते वाक्य पॉझिटिव्ह डिग्रीत, म्हणजे नुसत्या 'हाय'च्या रूपात न्यायचं असेल तर 'नो अदर पीक', म्हणजे 'दुसरं कोणतंच शिखर इतकं उंच नाही', असं लिहून चालणार नाही, कारण कळसूबाई उभी आहे. तिथे 'व्हेरी फ्यू पीक्स आर ॲज हाय ॲज साल्हेर' असंच लिहावं लागेल. वही उघडण्याआधी मुलाला एवढंच विचारा: हे पहिलं आहे, की पहिल्या काहींपैकी एक?