सहा मिलिमीटरचा पाहुणा

पुण्यातली तळजाई टेकडी. ऑगस्टमधली सकाळ, पाऊस नुकताच उघडलाय. फिरायला आलेली मंडळी पायवाटेनं भराभर निघून जातात. आपण मात्र इथं उकिडवे बसू, या गाजर गवतापाशी.

पान उलटं केलं की खाली पिवळसर अंडी. कोवळ्या शेंड्यावर एक भुंगा, जेमतेम सहा मिलिमीटरचा. दुधट पाठ, तिच्यावर तपकिरी वाकड्यातिकड्या रेघा. खातोय. दुसरं काही करतच नाही म्हणा ना.

(हातमोजे घातलेत, बरं का. मागच्या खेपेला आळस केला आणि आठवडाभर मनगट खाजवत बसलो.)

या गवताकडे लक्ष गेलं ते पुण्यातच, १९५० च्या दशकात, उकिरड्यांवर. अमेरिकेच्या गव्हातून आलं, असं घरोघरी सांगतात. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया. उपटून उपटून किती उपटणार? गुरंही त्याला सहसा तोंड लावत नाहीत.

मग त्याच्या माहेरचाच खाणारा शोधला. १९८३ मध्ये मेक्सिकोहून हा झायगोग्रामा भुंगा बंगळुरूत आला. इतर पिकांची पानं पुढ्यात ठेवून त्याची परीक्षा झाली, आणि पुढच्या वर्षी तो मोकळा सुटला. काही वर्षांनी तो सूर्यफुलावर दिसला आणि एकच गहजब! तपासात निघालं, की सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे परागकण पडले होते आणि भुंगा त्यांनाच भुलला होता. घाबरणाऱ्यांचं मला चुकीचं वाटत नाही. परका किडा एकदा सोडला की परत बोलावता येत नाही.

तसा हा मार्ग जुनाच. नाना पेठेतला निवडुंग्या विठोबा आठवा. मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली, म्हणून हे नाव. दक्षिणेत फड्या निवडुंग असाच माजला होता. १९२६ मध्ये श्रीलंकेहून आणलेल्या कोचिनील किड्यांनी रस शोषून शोषून त्याची रानं आडवी केली.

गाजर गवताचं तसं होत नाही. पाऊस सरला की भुंगा मातीत शिरतो, तो पुढच्या पावसाळ्यातच वर येतो. गवताला मात्र ओल मिळाली की पुरे.

(दृश्य बदल : डिसेंबर, टेकडीचा पायथा.)

फुटक्या पाइपाखाली हिरवंगार गाजर गवत, वर पांढरी फुलं. पानं अखंड, एकही भोक नाही.